पीएचडीचा गाइड निवडताना एच-इंडेक्स किती बघायचा?

रब्बी_ज्वारी (परभणी)

नमस्कार मंडळी. माझं एमएस्सी ॲग्री झालंय, जेनेटिक्स अँड प्लांट ब्रीडिंगमधून, आणि पीएचडी परभणीतच करायची हे घरच्यांशी बोलून नक्की झालंय. आता गाइड कोण यावर गाडी अडलीय. दोन सर डोळ्यासमोर आहेत, नावं लिहीत नाही. एक सर मॉलिक्युलर साइडचे, म्हणजे लॅबमधे जनुकांवर काम करणारे, गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स २१, बाहेरच्या बऱ्याच लॅबसोबत पेपर आहेत. दुसरे सर फील्डवरचे, ज्वारीच्या वाणांवर आयुष्य घातलेले, पण त्यांचा एच-इंडेक्स फक्त ६. होस्टेलवर सगळे म्हणायलेत की डोळे झाकून २१ वाले घे, पुढं पोस्टडॉकला, नोकरीला गाइडचं नाव बघतात. मला मात्र दुसऱ्या सरांच्या प्लॉटवर काम केल्यापासून वाटतंय की ६ हा आकडा त्यांच्या कामाचा नाहीच. पण वाटणं वेगळं अन् माहीत असणं वेगळं, म्हणून विचारतेय, हा आकडा नेमका काय मोजतो आणि त्यावरून माणसाच्या संशोधनाचं वजन खरंच कळतं का?

ग्रंथपाल_लातूर

चांगला प्रश्न विचारलास गं. कॉलेजात नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) वेळी सगळ्या प्राध्यापकांचे हे आकडे काढून द्यायचं काम आमच्या लायब्ररीकडंच असतं, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

एच-इंडेक्स काढला होर्गे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो कॅम्पसमधे, २००५ साली. हिशोब साधा आहे. एखाद्याचे सहा पेपर आहेत असं धर आणि दुसऱ्या संशोधकांनी त्यांचा हवाला (सायटेशन) दिलाय अनुक्रमे ४८, १७, ९, ४, ४ आणि १ वेळा. मोठ्याकडून लहानाकडं लावायचं अन् मोजत जायचं, पेपर कितवा आहे निदान तितके सायटेशन त्याला हवेत. चौथ्या पेपरला ४ सायटेशन आहेत, चालतंय. पाचव्याला ५ लागतात, आहेत ४. म्हणजे एच-इंडेक्स ४. आता यातच बघ काय झालं, त्या ४८ वाल्या पेपरला उद्या ४८०० सायटेशन झाले तरी एच-इंडेक्स ४ च राहणार. आणि ज्याचे चारच पेपर आहेत, प्रत्येकाला ४ सायटेशन, त्याचाही ४ च. दोघं एका आकड्यात बसले. गूगल स्कॉलरवर शेजारी आय-१० दिसतो तो म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशनवाले पेपर किती, वरच्या माणसाचे दोन.

दुसरं म्हणजे हा आकडा कधी कमी होत नाही. माणूस रिटायर झाला, काम थांबलं, तरी वाढतच राहतो. त्यामुळं पंचवीस वर्षं नोकरी झालेल्याची अन् आठ वर्षं झालेल्याची तुलना करायचीच नाही. दोघं सर किती वर्षं पेपर लिहितायत ते आधी बघ.

तिसरं, कुठला डेटाबेस. गूगल स्कॉलर थिसीस, प्रीप्रिंट (जर्नलात छापण्याआधीचा मसुदा), कुठल्यातरी वेबसाइटवर पडलेली पीडीएफ, सगळं मोजतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडक जर्नलंच धरतात, म्हणून तिथं आकडा सहसा बराच कमी येतो. तीन ठिकाणी तीन आकडे, अन् तिन्ही आपापल्या जागी बरोबर. एकाचा गूगलचा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा आकडा शेजारी ठेवून निर्णय झालेले मी पाहिलेत, ते फार वाईट वाटतं.

रब्बी_ज्वारी (परभणी)

ताई, इथंच गडबड आहे मग. २१ हा गूगलचा आहे आणि ६ मी स्कोपसवर बघितला होता, कारण दुसऱ्या सरांचं गूगल स्कॉलरवर प्रोफाइलच नाही.

ग्रंथपाल_लातूर

मग आधी दोघांचे स्कोपसवरचे काढ. आणि तिथं सेल्फ सायटेशन वगळायची सोय आहे, ती वापरून परत बघ. स्वतःच्या मागच्या कामाचा हवाला देणं यात गैर काही नाही, कामाची साखळी असते, पण वगळल्यावर आकडा एकदम कोसळला तर जरा थांबून विचार करायचा.

नावाचंही बघ. आपल्याकडं पवार, जाधव, शिंदे, पाटील किती अन् त्यात पुढं नुसती आद्याक्षरं. एकाच माणसाची दोन-तीन प्रोफाइल झालेली असतात, नाहीतर दोन माणसांची एक. बायकांचं तर लग्नानंतर आडनाव बदललं की आधीचे पेपर एका नावावर, नंतरचे दुसऱ्या. माझ्याकडं आलेल्या एका मॅडमचे लग्नाआधीचे सगळेच पेपर हिशोबाबाहेर राहिले होते. ऑर्किड आयडी त्यासाठीच २०१२ पासून आलाय, सोळा अंकी नंबर, फुकट मिळतो, आडनाव बदललं तरी नंबर तोच. तू स्वतःचा आजच काढून ठेव.

नांदेड_केमिस्ट्री

मी थोडी वेगळी बाजू मांडतो, कारण असे धागे निघाले की सगळे सायटेशनला नावं ठेवायला लागतात अन् मला ते पटत नाही. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. इंटरव्ह्यूला समोर बसलेल्यांपैकी कुणाला मी ओळखत नव्हतो आणि माझ्या मागं कुणी वजनदार माणूस नव्हता. माझ्या हातात काय होतं तर माझे पेपर आणि जपानमधल्या, स्पेनमधल्या अनोळखी लोकांनी ते वाचून आपल्या कामात वापरले याचा पुरावा. तो पुरावा कुणाच्या फोनवर अवलंबून नव्हता. जिथं वशिल्यावर निवडी होतात तिथं आकडा हा गरिबाच्या पोराचा आधार आहे. आकडा काढून टाका अन् "एकूण गुणवत्ता बघू" म्हणा, मग बघा कुणाची गुणवत्ता दिसते ते.

हां, पण विषय बदलला की आकड्याचा अर्थ बदलतो हे शंभर टक्के खरं. गणितात सायटेशन कमी आणि सावकाश येतात, वैद्यकीय आणि मटेरियल सायन्समधे भराभर. हिर्शनं स्वतः त्या पहिल्या पेपरात भौतिकशास्त्रापुरता अंदाज दिला होता, असोसिएट प्रोफेसरसाठी साधारण १२ आणि प्रोफेसरसाठी १८. हे ज्वारीच्या ब्रीडरला लावणं चूकच आहे. आणि पुढं २०२० मधे त्यांनीच लिहिलं की या आकड्याचे वाईट परिणामही झाले. तेव्हा मॉलिक्युलरवाल्या सरांची तुलना मॉलिक्युलरवाल्यांशी, फील्डवाल्यांची फील्डवाल्यांशी.

धाराशिव_इतिहास

दादा, तुमचा मुद्दा मनापासून पटला. फक्त आमच्यासारख्यांचं काय ते पण ऐका. मी मराठीत लिहिते, मराठवाड्याच्या स्थानिक इतिहासावर. निजामाच्या राजवटीतल्या महसुलाच्या कागदांवर काम करायचं तर वाचणारा इथलाच, त्याची भाषा मराठी. स्कोपसमधे मराठी नियतकालिकं जवळपास नाहीतच आणि पुस्तकंही फार थोडी धरली जातात. माझ्या लेखाचा हवाला दहा प्रबंधांत असला तरी तिथं माझा आकडा शून्य. आधार म्हणताय तो आम्हाला मिळतच नाही.

नांदेड_केमिस्ट्री

मान्य आहे मॅडम. तुमच्यासाठी दुसरी पट्टी लागेल. पट्टीच नको याला मात्र माझा विरोध राहील.

औंढा_फिजिक्स

को-ऑथरवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी हिंगोली जिल्ह्यात शिकवतो, औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे, केंद्रानं एप्रिल २०२३ मधे सुमारे २६०० कोटींना मंजुरी दिली, त्यामुळं पोरं सारखी विचारत असतात. गुरुत्वीय लहरी सापडल्याचा पेपर आला फेब्रुवारी २०१६ मधे, त्याला हजारावर लेखक आहेत. पहिलं नाव ॲबट, कारण यादी इंग्रजी अक्षरांप्रमाणं. त्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतली आणि इतर भारतीय संस्थांतली मंडळी आहेत. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या ॲटलस आणि सीएमएस या दोन गटांनी २०१५ मधे हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावर मिळून जो पेपर काढला त्याला तर ५१५४ लेखक आहेत, ३३ पानांच्या पेपरात मजकूर ९ पानं आणि बाकी सगळी नावं आणि संस्था.

आता अशा पेपराचे सगळे सायटेशन प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण जमा होतात. एकानं दहा वर्षं लायगोच्या आरशांच्या कोटिंगवर काढली, एक त्या वर्षी नव्यानं गटात आला, दोघांना सारखंच. म्हणून काहीजण वाटा पाडून मोजतात, चार लेखक असले तर प्रत्येकाला पाव. त्यातही अडचण आहेच, काम कधी समान वाटलेलं नसतं. हल्ली बऱ्याच जर्नलात शेवटी लिहितात की प्रयोग कुणी केला, आकडेमोड कुणाची, लिहिलं कुणी, पैसा कुणी आणला. रब्बीताई, २१ वाल्या सरांच्या पेपरात ते वाच. एका ओळीत बरंच कळतं. जीवशास्त्राकडच्या विषयात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं असतं, मधल्या नावांना तपासून बघावं लागतं.

आपल्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमात पण वाटणी आहे बघा, दोन लेखक असले तर प्रत्येकाला ७० टक्के गुण, दोनाहून जास्त असले तर मुख्य किंवा करस्पाँडिंग (पेपराबद्दलचा पत्रव्यवहार बघणाऱ्या) लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. म्हणजे पाच जणांच्या एका पेपरातून ७० अधिक चार तीस, १९० टक्के वाटले जातात. नाव घुसवायला यानंच जागा मिळते असं माझं स्पष्ट मत आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतात, स्कोपस पेपरात तिसरं नाव इतक्याला, चौथं इतक्याला. मलाही आलेत. राग येतो हो, कारण त्याच यादीत पुढं एखाद्या प्रामाणिक पोराचं नाव असतं आणि संशय त्याच्यावरही जातो.

ग्रंथपाल_लातूर

अगदी बरोबर सर. त्यात नुसतं जर्नल बघून समाधान मानू नका. यूजीसीच्या केअर लिस्टमधल्या (मान्य जर्नलांच्या यादीतल्या) जर्नलची हुबेहूब नकली वेबसाइट काढून पैसे घेणारे कमी नव्हते, शेवटी फेब्रुवारी २०२५ मधे यूजीसीनं ती यादीच बंद केली. इम्पॅक्ट फॅक्टर हा सुद्धा जर्नलचा आकडा आहे, माणसाचा नाही. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना या वर्षी सरासरी किती हवाले मिळाले एवढंच तो सांगतो, आणि त्यातले बरेचसे हवाले थोड्याच लेखांनी कमावलेले असतात. २०१३ मधे सॅन फ्रान्सिस्कोच्या नावानं जे जाहीरनामा-पत्र आलं, ज्याला डोरा म्हणतात, त्यात हेच आहे की जर्नलच्या आकड्यावरून माणूस मोजू नका.

बदनापूर_शिवार

मी शास्त्रज्ञ नाही, जालना जिल्ह्यातला शेतकरी. मुलगी हा धागा वाचत होती, तिनं दाखवला म्हणून लिहायलोय. आमच्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातली तूर आम्ही वर्षानुवर्षं पेरतो. आधी तुरीवर वांझ रोग आला की हिरवं रान उभं राहायचं, पाला भरपूर अन् शेंग नाही, कापून जनावरापुढं टाकायचं. मग बीएसएमआर ७३६ आली, लाल तूर, वांझ रोगाला दाद न देणारी. नंतर ८५३ पांढरी. आता बीडीएन ७११, लवकर निघते म्हणून कोरडवाहूला बरी पडते, शेवटचं पाणी नसलं तरी हाती काहीतरी लागतं. ज्यांनी ही केली त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, गावात कुणालाच नाहीत. पण बियाणं घ्यायला गेलो की ७११ आहे का हेच विचारतो. हे तुमच्या कुठल्या यादीत मोजतात का?

रब्बी_ज्वारी (परभणी)

काका, तुमचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. माझ्या मनात हेच होतं, मला नीट मांडता येत नव्हतं.

निवृत्त_पैदासकार

शेतकरी दादांनी विचारलंय त्याचं उत्तर देतो. पेपरात मोजत नाहीत, पण आमच्या धंद्यात मोजायच्या जागा आहेत, फक्त त्या कुणी इंटरनेटवर गोळा करून एका आकड्यात घालत नाही.

पहिली जागा, ब्रीडर सीडचा इंडेंट. वाण अधिसूचित झालं की दरवर्षी त्याच्या पैदासकार बियाण्याची मागणी नोंदवली जाते, राज्यं, महामंडळं, कंपन्या मागतात. दहा-पंधरा वर्षांनीही मागणी टिकली म्हणजे ते वाण शेतात आहे. दुसरी जागा, चेक. नवीन वाणाच्या चाचणीत शेजारी जुनं मान्य वाण लावतात आणि त्याच्यापेक्षा सरस ठरलं तरच पुढं जाऊ देतात. रब्बी ज्वारीत मालदांडी ३५-१ बघा. मोहोळला गावरान मालदांडीतून ती निवडली १९३० च्या दशकात, आणि आमची हयात नव्या ज्वाऱ्या तिच्याशी ताडून बघण्यात गेली. भाकरीची चव अन् कडब्याचा दर्जा, दोन्हीत तिला मागं टाकणं महाकठीण. ज्यांनी ती निवडली त्यांचा एच-इंडेक्स कुणी काढत बसत नाही.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी जागा म्हणजे वंशावळ. तुझ्या सरांनी तयार केलेली लाइन (शुद्ध वंशाचं बियाणं) दुसऱ्या केंद्रानं क्रॉसमधे (संकरात) आई किंवा बाप म्हणून घेतली का, त्यातून पुढं वाण निघालं का. आमच्यात हवाला असा देतात, बियाण्यातून देतात. ती माहिती वाणाच्या प्रस्तावात, अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाच्या वार्षिक अहवालात असते. हे अहवाल स्कोपसमधे येत नाहीत, पण विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचता येतात.

आणि बाळ, सहकार्याला कमी समजू नको. परभणी शक्ती हे लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण २०१८ मधे आपल्या विद्यापीठानं दिलं ते पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत मिळून. दाण्यातलं लोह मोजायचं, हजारो नमुने तपासायचे, तसलं यंत्र अन् तेवढं बियाण्याचं मटेरियल एका केंद्राकडं नसतं. वाण शेतात नेणारा एक, लॅबमधे जनुक हुडकणारा एक, दोघंही लागतात. तू दोघांपैकी एकच निवडायचा असं धरून चालली आहेस, ते मला खटकलं.

नांदेड_केमिस्ट्री

सर, वंशावळीचा मुद्दा अफाट आहे. पेपराच्या जगात पण हेच वेगळं काढावं लागतं, हवाला कशासाठी दिलाय. आतापर्यंत सगळ्यात जास्त सायटेशन मिळालेला पेपर म्हणजे लॉरींचा १९५१ चा, प्रथिनं मोजायची पद्धत, तीन लाखांच्या वर. लोकांनी ती पद्धत वापरली म्हणून. आणि वेकफिल्डचा १९९८ चा लस आणि ऑटिझमवाला पेपर, २०१० मधे मागं घेतलेला, त्याला पण ढीगभर सायटेशन आहेत, त्यातले कितीतरी तो खोडून काढण्यासाठी. आकडा दोघांना सायटेशनच म्हणतो. मेंडेलचा १८६६ चा पेपर १९०० पर्यंत जवळपास कुणी विचारला नाही, अन् ब्रीडिंगची सगळी इमारत त्यावर उभी आहे. म्हणून रब्बीताई, यादी उघड आणि वाच. दोघांचे पाच-पाच पेपर घे, त्यांना कुणी हवाला दिलाय ते पेपर उघड आणि नेमकं ते वाक्य शोध.

रब्बी_ज्वारी (परभणी)

सगळ्यांनी सांगितलं तसं केलं, आठवडाभर बसून. जे दिसलं ते लिहिते.

स्कोपसवर मॉलिक्युलरवाल्या सरांचा आकडा १४ आला, सेल्फ काढून १२. दुसऱ्या सरांची खरंच दोन प्रोफाइल निघाली, एकात आद्याक्षरं उलटी लागलेली, दोन्ही धरून एच-इंडेक्स ९. म्हणजे २१ विरुद्ध ६ वाटत होतं ते १४ विरुद्ध ९ झालं, आणि विषय वेगळे ते वेगळंच.

मग वाक्यं वाचली. मॉलिक्युलरवाल्या सरांच्या सगळ्यात जास्त सायटेशनवाल्या पेपराला पुष्कळ लेखक आहेत आणि सर मधे कुठंतरी आहेत. त्याला दिलेले बरेच हवाले प्रस्तावनेतले आहेत, एका विधानामागं सात-आठ संदर्भांचा गठ्ठा आणि त्यात हा एक. पण त्यांचा एक छोटा पेपर आहे, करस्पाँडिंग लेखक तेच, खोडमाशी या ज्वारीवरच्या किडीच्या प्रतिकारासाठीच्या मार्करवर (जनुकाची खूण), आणि त्याला हवाला देणाऱ्यांनी ते मार्कर स्वतःच्या मटेरियलवर लावून बघितलेत. काहींना जमलंय, एका गटानं लिहिलंय की आमच्याकडं चाललं नाही. हे वाचून सरांबद्दल आदर वाढलाच, कारण पुढच्या पेपरात सरांनी त्यावर उत्तर दिलंय.

फील्डवाल्या सरांना हवाले कमी, पण ते पेपराच्या मटेरियल अँड मेथड भागात, जिथं प्रयोगात काय वापरलं ते लिहितात. अमुक लाइन परभणीहून मिळाली, ती मादी म्हणून वापरली, असं सरळ लिहिलेलं. मग समन्वित प्रकल्पाचे अहवाल काढले. सरांच्या दोन लाइन बाहेरच्या केंद्रांच्या क्रॉसमधे आहेत, एक कर्नाटकातल्या. हे सरांनी कधी वर्गात बोलून दाखवलं नाही.

काल दोघांनाही भेटले. फील्डवाल्या सरांना गाइड म्हणून विचारलं आणि मॉलिक्युलरवाल्या सरांना सल्लागार समितीत या म्हणाले. दोघंही हो म्हणालेत. विषय पण त्यातूनच निघाला, सरांच्या त्या दोन लाइनमधे खोडमाशीचे मार्कर लावून बघायचे.

निवृत्त_पैदासकार

फार छान. पेरणीची वेळ खोडमाशीचा दाब बरोबर मिळेल अशी धर, आणि संवेदनशील चेकची ओळ प्रत्येक ब्लॉकच्या कडेला लाव. क्रॉसची नोंद पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हातानं ठेव, आई कोण बाप कोण ते टॅगवर अन् वहीत दोन्हीकडं.

ग्रंथपाल_लातूर

आणि सरांची दोन प्रोफाइल जोडायला स्कोपसच्याच साइटवर अर्ज असतो, दोन्हीकडचे आयडी आणि पेपरांची यादी लागते. सरांना वेळ नसेल तर त्यांच्या परवानगीनं तू भर, आणि ऑर्किड आयडी पण काढून दे. अडलं तर मला इथंच व्यक्तिगत निरोप टाक, मी करून देते.

बदनापूर_शिवार

ताई, ज्वारीचं झालं की तुरीकडं पण या. बियाण्याला आमचं रान आहे.